काबर आणि कितला : विद्यार्थी संशोधन प्रकल्पासाठी विद्यापीठाकडून निधी कसा मागायचा

आठवडे बाजारात भरताची वांगी घेताना आपल्याकडची माणसं दोनच प्रश्न विचारतात. आधी ‘कितला?’ आणि भाव ऐकल्यावर ‘काबर?’ अहिराणीत कितला म्हणजे केवढ्याला, आणि काबर म्हणजे का. संशोधन निधीच्या छाननी समितीत बसलेली माणसंही हेच दोन प्रश्न विचारतात, फक्त उलट क्रमाने आणि प्रमाण मराठीत. हे काम कशासाठी, आणि त्याला इतकेच पैसे कशासाठी? अर्जातल्या प्रत्येक रकान्याकडे या दोन शब्दांच्या चष्म्यातून बघितलं, की निम्मी भीती तिथेच जाते.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली आणि एम.एस्सी.ची मुलं दरवर्षी प्रकल्पासाठी पैसे मागायला उभी राहतात, आणि दरवर्षी त्याच चार-पाच ठिकाणी अडखळतात. त्या ठिकाणांवरच इथे जास्त बोलणार आहे. अर्जाचा नमुना कसा भरायचा हे नमुन्यातच लिहिलेलं असतं.

परिपत्रक शोधा, मग ते वाचा

विद्यापीठाची योजना जाहीर होते ती परिपत्रकातून. परिपत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढतं आणि प्राचार्यांच्या ईमेलवर येतं. ते तुमच्यापर्यंत पोचेलच याची खात्री कुणी देत नाही. म्हणून वाट बघू नका. कॉलेजात तीन माणसांना गाठा : संशोधन समन्वयक, आविष्कार स्पर्धेचे समन्वयक आणि आयक्यूएसीचे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक. तिसऱ्या माणसाकडे जायचं कारण नवख्यांच्या लक्षात येत नाही. नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. तिच्या मूल्यांकनात संशोधनही बघितलं जातं, आणि तिथे कॉलेजला आपल्या कामाचा हिशेब दाखवावा लागतो. त्यामुळे विद्यापीठाची योजना त्या वर्षी निघाली नाही, तरी कॉलेज स्वतःच्या निधीतून थोडी रक्कम द्यायला तयार असू शकतं. विचारणाऱ्यालाच ती मिळते.

‘विद्यापीठाचे पैसे’ या नावाखाली मुलं बऱ्याच गोष्टी एकत्र कालवतात. आविष्कार ही २००६ साली सुरू झालेली राज्यभरातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. तिथे मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, शेती व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक व औषधनिर्माण असे सहा गट आहेत. ती प्रकल्पाला पैसे देणारी योजना नाही. तयार कामाचं बक्षीस तिथे मिळतं, काम करायला लागणारा खर्च मिळत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप प्रामुख्याने पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांसाठी आहेत. बारावीनंतर ज्यांना केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती लागली आहे, त्यांनी मात्र एक आकडा ध्यानात ठेवावा. वर्षाच्या ८०,००० रुपयांत ६०,००० शिष्यवृत्तीचे, आणि २०,००० उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे संशोधन प्रकल्प करण्याचे असतात. हे वेगळे २०,००० आहेत हेच अनेक मुलांना ठाऊक नसतं.

आता परिपत्रक हातात आलं की आधी पात्रता बघा, मग मुदत, मग रकमेची मर्यादा, आणि मग सगळ्यात महत्त्वाची ओळ शोधा : कोणत्या बाबींवर खर्च चालणार नाही. ती बहुधा शेवटच्या पानावर, बारीक टाइपात असते. मोबाइल, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, फर्निचर आणि परिषदेची नोंदणी फी या गोष्टींवर तिथे बऱ्याचदा काट असते. गेल्या वर्षीच्या सीनियरने सांगितलेल्या नियमांवर जाऊ नका. नियम आणि आकडे दर वर्षी बदलू शकतात, आणि सीनियरला ते आठवतात तसे कधीच नसतात.

प्रश्न एका तालुक्यात मावला पाहिजे

माझ्याकडे येणाऱ्या दर दहा शीर्षकांतल्या सात-आठांत ‘खान्देशातील’ हा शब्द असतो. ‘खान्देशातील केळी पिकावरील रोगांचा अभ्यास’, ‘खान्देशातील भूजलाचा अभ्यास’. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे, सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतचा पट्टा, आणि हातात दोन सेमिस्टरांच्या मधला वेळ! समितीतला माणूस शीर्षक वाचूनच समजून जातो की हे होणार नाही.

केळीचंच बघा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे विषयाचं महत्त्व पटवायला दोन पानं खर्चायची गरज नाही. समितीतल्या निम्म्या लोकांच्या घरी केळीचे बाग असतात. त्यांना हवं आहे ते टोक. माझ्या एका विद्यार्थ्याचा मूळ विषय वर सांगितलेलाच होता. त्याला विचारलं, कोणता रोग? ‘हरण्या.’ हरण्या म्हणजे काकडीवर्गीय पिकांतूनही येणारा कुकुंबर मोझॅक व्हायरस, मावा किडीमार्फत पसरणारा. कोणता बाग, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेला) की कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेला)? ‘मृगबाग, पावसाळ्यात जास्त दिसतो.’ किती गावं? ‘आमचं आणि शेजारची दोन.’ तिथे काय मोजणार? ‘बागेच्या बांधालगत काकडीवर्गीय वेल किंवा भाजीपाला आहे का, आणि तिथे रोगट झाडं जास्त आहेत का.’ झालं की शीर्षक तयार : ‘रावेर तालुक्यातील तीन गावांत मृगबाग केळीवरील हरण्या रोगाचं प्रमाण आणि लगतच्या पिकांशी त्याचा संबंध.’ या शीर्षकातच पद्धत आहे, जागा आहे, हंगाम आहे. समितीचा ‘काबर’ अर्धा तिथेच संपतो.

कला शाखेच्या मुलांनाही हेच. ‘धुळे जिल्ह्यातील पारंपरिक जलव्यवस्थापन’ म्हटलं की डोळे मिटतात. पांझरेकाठची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची रीत, कैक पिढ्यांची आहे, तिच्यावर लिहिलंही पुष्कळ गेलं आहे. मग तुम्ही नवीन काय विचारणार? ‘एका बंधाऱ्यावरच्या फडांत आज पाण्याची पाळी कोण ठरवतं, पाटकऱ्याचं (पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाचं) काम आणि मोबदला आता कसा आहे’ हा प्रश्न पंचवीस मुलाखतींत संपतो, आणि एसटीच्या तिकिटांच्या पैशात होतो.

आधीचं काम शोधताना आपल्या भागाचे दोन सापळे आहेत. एक, विद्यापीठाचं नाव. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, आणि त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जुने प्रबंध शोधताना तिन्ही नावं टाका. दुसरा सापळा जिल्ह्याचा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. १९९१च्या जनगणनेत नंदुरबार जिल्हा शोधत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तो धुळ्याच्या आकड्यांत तालुक्यांच्या रूपाने आहे. त्याहून मागे गेलात तर १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि त्याआधीच्या १८८० सालच्या गॅझेटियरमध्ये एकच अखंड खान्देश आहे. दोन काळांतले आकडे शेजारी मांडताना हद्द तीच आहे का, हे एका ओळीत लिहिलं की समिती तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघते. इतिहासाच्या मुलांनी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ एकदा प्रत्यक्ष जाऊन बघावं, मग अर्ज लिहायला बसावं.

मार्गदर्शक आणि खातं

पैसे विद्यार्थ्याच्या हातात सहसा येत नाहीत. ते कॉलेजच्या खात्यात येतात आणि प्राचार्य व मार्गदर्शक यांच्या सहीने निघतात. म्हणजे मार्गदर्शक निवडताना विषयाची जाण जितकी बघायची, तितकंच हेही बघायचं की हा माणूस कॉलेजच्या कार्यालयात जाऊन व्हाउचर पुढे सरकवतो का. एक प्रेमळ सल्ला : ज्यांच्याकडे आधीच पाच प्रकल्प आहेत अशा सरांच्या मागे लागू नका. शिवाय मार्गदर्शकांची निवृत्ती किंवा बदली प्रकल्पाच्या मुदतीत येते का, हे आदराने विचारून घ्या. विचारण्यात गैर काही नाही, सरांनाही ते आवडतं.

परवानगी आधी, अर्ज नंतर

हा भाग लोक टाळतात, म्हणून जरा थांबून सांगते.

रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर कुणालाच दिसलं नव्हतं, नामशेष झालं असंच धरलं होतं. नोव्हेंबर १९९७मध्ये ते शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडलं. तेव्हापासून सातपुड्याकडे बघणाऱ्या प्राणिशास्त्राच्या प्रत्येक मुलाला रानपिंगळ्यावर प्रकल्प करायचा असतो. उत्साह चांगला आहे. पण तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला पक्षी आहे. वनक्षेत्रात काम करायचं तर संबंधित उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, आणि अभयारण्याच्या आत किंवा संरक्षित प्राण्यावर काम असेल तर तो नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडेही जातो. याला महिने लागतात. विद्यापीठाचा निधी मंजूर झाला आणि वनखात्याची परवानगी आली नाही, तर वर्ष वाया. म्हणून पहिल्या प्रकल्पाला गावशिवारातले पक्षी, बांधावरची झाडं, जळगावच्या मेहरूण तलावासारखं पाणी असे विषय घ्या, जिथे वनखात्याच्या परवानगीची गरज पडत नाही किंवा कोणाला विचारायचं ते निदान गावातच कळतं.

माणसांवरच्या अभ्यासालाही तसंच. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचा प्रश्न मोठा आहे, म्हणून रक्ताचे नमुने घेण्याचे प्रस्ताव येतात. साध्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने हे करू नये. त्याला नोंदणी झालेली नैतिकता समिती लागते, डॉक्टर लागतो, आणि निदान कळल्यावर त्या कुटुंबाला पुढे कोण बघणार याचं उत्तर लागतं. प्रश्नावली घेऊन जाणार असाल तरी संमतीपत्र जोडाच. ते संमतीपत्र पावरीत किंवा भिलीत समजावून सांगणारं माणूस कोण, हेही अर्जात लिहा. धडगावच्या पाड्यावर प्रमाण मराठीतला छापील कागद अंगठा घेण्यापुरताच उपयोगाचा. दुभाष्याला मानधन द्यायचं असेल तर ते अंदाजपत्रकात धरा, आणि मानधन चालतं का हे परिपत्रकात बघा.

कितला : अंदाजपत्रक

माझ्या मते प्रस्तावाचं खरं पान हेच. प्रस्तावना कुणीही सजवतं. अंदाजपत्रकात माणूस काम करणार आहे की नाही ते दिसतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा योजनेची मर्यादा १५,००० रुपये आहे, आणि विषय आहे केळीपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं. तीन गावं, प्रत्येक गावात दहा विहिरी, वर्षातून दोन फेऱ्या. म्हणजे साठ नमुने.

आता नवखा मुलगा काय लिहितो? ‘रसायने व काचसामान ८,०००, प्रवास ४,०००, इतर ३,०००. एकूण १५,०००.’ बेरीज मर्यादेला बरोब्बर टेकली, हीच पहिली शंका.

हेच उलट्या बाजूने करा. बाटल्या : तीस विहिरींच्या तीस आणि फुटण्या-हरवण्याला पाच, दुसऱ्या फेरीला त्याच धुऊन वापरायच्या. पस्तीस बाटल्या, वीस रुपयांप्रमाणे ७०० रुपये. रसायनांचं पुरवठादाराकडून कोटेशन घेतलं, ते ४,५०० आलं. प्रवास : एका फेरीला तीन दिवस, दोन फेऱ्यांचे सहा दिवस, एक मुलगा आणि एक मुलगी. जाऊन-येऊन पूर्ण तिकीट १४० धरलं तर मुलीचं ७०, कारण मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. रोजचे २१०, सहा दिवसांचे १,२६०. इथे हसू नका. मुलीच्या नावापुढे पूर्ण भाडं लावलेला प्रवासखर्च ऑडिटमध्ये परत आलेला मी डोळ्यांनी बघितला आहे. पुढे, बर्फाची पेटी ९०० आणि सहा दिवसांचा बर्फ ३००. मग काबर? नायट्रेटचा नमुना थंड ठेवून अठ्ठेचाळीस तासांत तपासावा लागतो, आणि मे महिन्यात रावेरहून निघालेली बाटली एसटीच्या डिकीत चहासारखी तापते. दर दहा नमुन्यांमागे एक, असे सहा नमुने पडताळणीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत, ४०० प्रमाणे २,४००. झेरॉक्स, छपाई, बाइंडिंग १,५००. किरकोळ ६००. एकूण १२,१६०.

मागा १२,१६०च. समितीला असा अडनिडा आकडा आवडतो. त्यामागे कुणीतरी बसून हिशेब केला आहे हे त्यात दिसतं. उरलेले २,८४० रुपये ‘असू द्यावेत’ म्हणून टाकायचा मोह होईल. टाकले, तर त्यांच्यापुढचा ‘काबर’ तुम्हालाच उत्तर मागेल.

वरचे दर मी उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही विचारून घ्या. प्रत्येक ओळीशेजारी एका वाक्यात कारण लिहा. स्पेक्ट्रोफोटोमीटरसारखं यंत्र कॉलेजात आधीच असेल तर ते ठळक लिहा, ‘हे उपकरण विभागात उपलब्ध आहे’. यंत्र मागणाऱ्यापेक्षा यंत्र असलेल्याला पैसे देणं समितीला सोपं जातं.

कोटेशनबद्दल एक फजिती सांगते, माझीच. पहिल्या वर्षी मी मुलांना सांगितलं, तीन कोटेशनं आणा. ती दुपारपर्यंत तीन कोटेशनं घेऊन आली. तीन वेगवेगळ्या दुकानांची लेटरहेडं, तीन शिक्के, आणि तिन्हींत ‘ब्युरेट’ हा शब्द एकाच पद्धतीने चुकलेला. एकाच दुकानदाराने तिन्ही कागद आपल्याच काउंटरवर टाइप करून दिले होते. मी न वाचता सही केली. लेखा विभागातल्या बाईंनी चष्मा वर करून नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या वर्षीचा प्रस्ताव गेला. आता मुलं स्वतः तीन दुकानांत जातात, आणि मी प्रत्येक कागद वाचते.

वेळापत्रकात विद्यापीठाचा उशीर धरा

अर्ज, छाननी, सादरीकरण, मंजुरीपत्र, पहिला हप्ता. या प्रत्येकाच्या मधे आठवडे जातात, कधी महिने. आणि मंजुरीच्या तारखेआधी केलेला खर्च सहसा धरत नाहीत. विहिरींच्या अभ्यासाला पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असे नमुने घ्यायचे ठरवलेत, अर्ज ऑगस्टमध्ये केलात आणि पैसे डिसेंबरात आले, तर पावसाळ्यानंतरची फेरी हातून गेलेली असते. म्हणून फेऱ्या मंजुरीच्या महिन्यापासून मोजून लिहा : ‘पहिला-दुसरा महिना’, ‘पाचवा-सहावा महिना’. हंगाम टाळता येत नसेल, जसा हरण्याच्या बाबतीत जुलै-ऑगस्ट टाळता येत नाही, तर सरळ लिहून टाका की मंजुरी उशिरा आली तर क्षेत्रकाम पुढच्या मृगबागेत होईल. अंतिम वर्षाच्या मुलांना हे जमणार नाही, म्हणून जोडीला एक खालच्या वर्गातला सहकारी घ्या. परीक्षांचे आठवडे, दिवाळी, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाखतीला घरी कुणी सापडत नाही हेही वेळापत्रकात दिसलं पाहिजे.

लिहिणं आणि दाखल करणं

लिहिण्याबद्दल थोडंच. उद्दिष्टं तीनच ठेवा, आणि प्रत्येक उद्दिष्टाला पद्धतीत एक परिच्छेद आणि अंदाजपत्रकात किमान एक ओळ असली पाहिजे. तिन्हींत जोडणी न लागणारं उद्दिष्ट काढून टाका. इंटरनेटवरून उचललेला मजकूर पकडला जातोच. ‘प्रस्तुत संशोधनामुळे समाजाला मोलाची मदत होईल’ असली वाक्यं मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडत नाहीत, ती तुम्हीच खोडा. त्याऐवजी लिहा : तीसही विहिरींच्या मालकांना त्यांच्या पाण्याचा निकाल मराठीत, एका पानावर देऊ.

मराठीत अर्ज चालत असेल तर युनिकोडमध्ये टाइप करा. झेरॉक्सवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल विद्यापीठात उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन आणि कंस दिसतात. पीडीएफ करून स्वतःच्या मोबाइलवर एकदा उघडून बघा.

प्राचार्यांची सही मुदतीच्या दिवशी घ्यायची असा विचार करू नका. त्या दिवशी ते मीटिंगला गेलेले असतात, हा निसर्गनियम आहे. कागदी प्रत मागितली असेल तर दोन संच करा. एक देऊन दुसऱ्यावर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या, त्याला आपण ओसी (ऑफिस कॉपी) म्हणतो. ओसी नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरा. प्रत्यक्ष द्यायला जात असाल तर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या मुलांना जळगावला येणारी रेल्वे सोयीची. धुळ्याकडून एसटीने येणाऱ्याला विद्यापीठ शहराच्या आधीच, बांभोरीजवळ गिरणेकाठी लागतं. जळगावच्या स्टँडपर्यंत जाऊन रिक्षाने उलटं येऊ नका. साडेअकरा ते एक ही वेळ बरी. जेवणाच्या सुट्टीत आवक टेबलावर फक्त पंखा फिरत असतो.

समितीसमोर

सादरीकरणाला बोलावलं तर पाच-सात मिनिटं मिळतात. आठ स्लाइड पुष्कळ झाल्या. पहिल्या स्लाइडवर गावांचा नकाशा लावा, विद्यापीठाचं बोधचिन्ह आणि ‘सुस्वागतम्’ नको. इंग्रजी अडत असेल तर मराठीत बोलू का, असं नम्रपणे विचारा. बहुतेक वेळा ‘बोला की’ असंच उत्तर येतं, आणि मुलगा एकदम मोकळा होतो.

प्रश्न ठरलेले असतात. हीच गावं का? तीसच विहिरी का? हे आधी कुणी केलं आहे का? पैसे निम्मेच दिले तर काय गाळाल? या शेवटच्या प्रश्नाची तयारी करून जा. ‘सर, काहीच गाळता येणार नाही’ हे उत्तर वाईट, आणि ‘सगळं चालेल सर’ हे त्याहून वाईट. ‘पडताळणीचे सहा नमुने तीनवर आणेन आणि एक गाव कमी करेन’ असं सांगणाऱ्या मुलीला माझ्यासमोर पूर्ण रक्कम मिळाली होती. माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणा.

मंजुरीनंतर

पेढे वाटून झाले की मंजुरीपत्र नीट वाचा. मागितलेली आणि मिळालेली रक्कम वेगळी असू शकते, आणि बाबनिहाय विभागणीही बदललेली असू शकते. एका बाबीतले पैसे दुसरीकडे वळवायला लेखी परवानगी लागते. बर्फाच्या पेटीचे उरलेले तीनशे रुपये बाइंडिंगला लावले, की हिशेब अडतो.

बिल कोणाच्या नावाने करायचं हे दुकानात जाण्याआधी कार्यालयातून विचारून घ्या. बहुधा ते प्राचार्यांच्या नावाने लागतं, विद्यार्थ्याच्या नावाने नाही. बिलावर क्रमांक, तारीख, जीएसटी क्रमांक हवा, आणि तारीख मंजुरीच्या मुदतीतली हवी. पाच हजारांवरच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं. विकत घेतलेली टिकाऊ वस्तू, अगदी ती बर्फाची पेटीसुद्धा, विभागाच्या साठा नोंदवहीत चढवा आणि बिलामागे नोंदीचा पान क्रमांक लिहून घ्या. प्रकल्प संपल्यावर पेटी कॉलेजची असते. घरी लग्नात सरबताला नेण्यासाठी ती तुमची नाही.

३१ मार्चची धास्ती ठेवा. आर्थिक वर्ष संपताना कार्यालयाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो, म्हणून बिलं फेब्रुवारीतच द्या. शेवटी प्रकल्प अहवाल, खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामालाच वापरले असा दाखला) असं तिन्ही द्यावं लागतं, तेव्हाच दुसरा हप्ता सुटतो. दुसरा हप्ता बहुतेकदा तुम्ही आधीच खिशातून खर्च केलेल्या पैशांचा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. ज्यांच्या घरी तेवढी सोय नाही त्यांनी मार्गदर्शकांशी मोकळेपणाने बोलावं. कॉलेज आगाऊ रक्कम देऊ शकतं, फक्त तिचाही अर्ज असतो.

प्रस्ताव नाकारला गेला तर शेरा मागा. लेखी मिळाला नाही तर मार्गदर्शकांमार्फत तोंडी विचारा. ‘व्याप्ती मोठी’ आणि ‘खर्चाचे समर्थन नाही’ हे दोनच शेरे मी पुन्हा पुन्हा बघितले आहेत. दोन्ही एका सुट्टीत दुरुस्त होतात, आणि तोच प्रस्ताव कॉलेजच्या निधीला किंवा पुढच्या वर्षीच्या परिपत्रकाला चालतो.

आणि एसटीची तिकिटं. मशिनमधून निघणारा तो चकचकीत कागद उष्णतेने छापला जातो आणि उष्णतेनेच कोरा होतो. भुसावळ-रावेरच्या मे महिन्यात पाकिटात ठेवलेलं तिकीट जूनपर्यंत नुसती पांढरी पट्टी उरते, आणि कोऱ्या पट्टीचे पैसे कुणी देत नाही. त्याच संध्याकाळी ते ए-फोर कागदावर चिकटवा, खाली तारीख, कुठून कुठे आणि कोण गेलं ते पेनाने लिहा, झेरॉक्स काढा, आणि झेरॉक्सवर मार्गदर्शकांची सही घ्या.